घाबरलेले नातेवाईक, घाबरवणारे नातेवाईक

बाई, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, मग जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि गेली चार वर्षं पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात काम करते. नर्स म्हणून परदेशी जायचं मनात आहे, त्यासाठी ड्यूटी सांभाळून ओईटीचा, म्हणजे आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेचा, क्लास लावलाय. मागच्या महिन्यात नाइट संपताना हँडओव्हरच्या नोंदीत मी लिहिलं, ‘रिलेटिव्ह्ज आर व्हेरी फ्रायटनिंग’. सकाळी इन्चार्ज सिस्टरांनी ते वाचलं आणि मला थांबवून विचारलं, ‘कोण अंगावर आलं? सिक्युरिटीला का नाही कळवलंस?’ मला एवढंच सांगायचं होतं, की आजोबांचा ऑक्सिजन कमी झाला म्हणून घरची माणसं फार घाबरली आहेत. खरं काय ते कळल्यावर सगळ्या हसल्या. क्लासचे सर म्हणतात, ‘माणसाला एड, वस्तूला इंग, पाठच करून टाका.’ मी ‘फ्रायटन्ड-फ्रायटनिंग’सारख्या तीस जोड्या पाठ केल्या. पण मग बोअरिंग माणूस असतोच की! आता लिहिताना हात थांबतो. आमच्या नोंदीत नातेवाइकांच्या मनःस्थितीचा एक रकाना असतो, तो मी हल्ली कोराच सोडते. मराठीतून विचार करणाऱ्यांना हे कधी जमणारच नाही का?

— एक सिस्टर, पुणे

प्रिय सिस्टर,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला फार लागलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मराठीतून विचार केल्यामुळे तुझं काही बिघडलेलं नाही. तीस जोड्या पाठ करून जे साधलं नाही ते तुझी मराठीच साधून देईल, आणि ते कसं हे दाखवायला मी हे उत्तर जरा सविस्तर लिहिते आहे. ड्यूटी संपल्यावर निवांत वाच.

आधी इन्चार्ज सिस्टरांबद्दल. तू कागदावर जे लिहिलंस तेच त्यांनी वाचलं. ‘फ्रायटनिंग’ म्हणजे घाबरवणारा. नातेवाईक फार घाबरवणारे आहेत, असं नाइटच्या नोंदीत दिसलं की कुठल्याही इन्चार्जच्या काळजात धस्स होणार. डॉक्टर-नर्सवर हात टाकण्याचे प्रकार आपल्याकडे इतके झाले, की महाराष्ट्रात २०१० साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यांनी पहिल्यांदा सिक्युरिटीचं विचारलं ते तुझ्या काळजीपोटी. नंतर सगळ्या हसल्या, ते मात्र व्हायला नको होतं. रात्रभर जागून आलेल्या मुलीला तेवढं हसू पुढे कित्येक दिवस पुरतं, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिलंय.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आण. आयसीयूबाहेरच्या बाकावर सून बसली आहे. पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. आतून मॉनिटरचा आवाज आला की उठून उभी राहते. ती घाबरलेली. दुसऱ्या कुठल्यातरी रात्री एक जण काउंटरवर हात आपटून म्हणतो, ‘आमच्या पेशंटला काही झालं तर बघा.’ तो घाबरवणारा. मराठीत या दोघांची गल्लत तू कधीच करणार नाहीस, अगदी अर्धवट झोपेतही नाही. घाबरलेला, घाबरवणारा. दमलेला, दमवणारा. थकलेला, थकवणारा. हादरलेला, हादरवणारा. ‘लेला’ येतो तिथे इंग्रजीत एड, ‘वणारा’ येतो तिथे इंग. शाळेत धातुसाधित विशेषणं शिकलीस ना, पिकलेला आंबा आणि वाहणारं पाणी? इंग्रजीतली ही जोडी त्याच कुळातली आहे. फक्त इथे ती भावनांना लागली आहे.

या ‘वणारा’मधल्या ‘व’कडे नीट बघ, कारण सगळी गोम त्या एका अक्षरात आहे. ‘घाबरणारा’ म्हणजे ज्याला सहज भीती वाटते तो. मध्ये ‘व’ आला की ‘घाबरवणारा’, दुसऱ्याला भीती घालणारा. एका अक्षराने माणूस या बाजूचा त्या बाजूला गेला. व्याकरणात याला प्रयोजक म्हणतात: मूळ क्रिया ज्याच्यावर गुजरते त्याची, आणि ‘व’ लावला की ती घडवून आणणाऱ्याची. मराठीत आपण ‘घाबरणे’पासून निघतो, म्हणजे ज्याच्या पोटात गोळा आला त्याच्यापासून. घाबरवणाऱ्याकडे जायला ‘व’चा पूल ओलांडावा लागतो.

इंग्रजी नेमकी उलटीकडून निघते. ‘फ्रायटन’ या क्रियापदाचा अर्थ मुळातच घाबरवणे असा आहे. ‘बोअर’ म्हणजे कंटाळा आणणे, ‘टायर’ म्हणजे दमवणे, ‘सरप्राइझ’ म्हणजे चकित करणे, ‘कन्फ्यूझ’ म्हणजे गोंधळात टाकणे, ‘डिसअपॉइंट’ म्हणजे निराशा करणे. हा ‘व’ त्या शब्दांच्या पोटातच आहे, बाहेरून लावावा लागत नाही. आपल्या वहीत मात्र शब्दार्थ लिहून दिलेले असतात ‘फ्रायटन – घाबरणे’, ‘टायर – दमणे’, आणि पहिली ठेच तिथे लागते. दुसरी ठेच काळांच्या तक्त्यात. ‘आय अ‍ॅम गोइंग’ म्हणजे मी जात आहे, ‘आय अ‍ॅम ईटिंग’ म्हणजे मी खात आहे. हे इतकं घोटून घेतलेलं असतं, की इंग म्हणजे ‘त आहे’ हे समीकरण हाडात मुरतं. मग ‘ते घाबरत आहेत’ असं मनात आलं की हात आपोआप ‘दे आर फ्रायटनिंग’ लिहून मोकळा होतो. तुझ्याकडून त्या रात्री हेच झालं. ‘मला बोअर होतंय’चं ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ होतं ते याच वाटेने, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं, ‘मी कंटाळवाणी बाई आहे.’ माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, तुमच्या पिढीला पहिलीपासून मिळालं, तरी ही चूक जशीच्या तशी चालत आली. चार वर्षं जास्त मिळाली, पण तो तक्ता बदलला नाही.

म्हणून पहिलं काम हे कर: तुझ्या तीस जोड्यांसमोरचे मराठी अर्थ खोड आणि ‘व’ घालून किंवा ‘आणणे, करणे, टाकणे’ लावून पुन्हा लिही. तेवढ्याने निम्मं काम होईल. एक शब्द फसवेल, तो आधीच सांगते. ‘अ‍ॅनॉय’साठी ‘चिडवणे’ लिहू नकोस. चिडवणं म्हणजे थट्टा करणं. तिथे ‘चीड आणणे’ लिही, म्हणजे ‘अ‍ॅनॉइंग’ला चीड आणणारा आणि ‘अ‍ॅनॉइड’ला चिडलेला.

सरांनी दिलेला नियम का लंगडा पडतो, हेही आता तुझ्या लक्षात आलं असेल. ‘वस्तूला इंग’ हे बहुतेक वेळा खरं निघतं, कारण खुर्चीला, सिनेमाला, रिपोर्टला भावना नसतात. ते भावना आणू शकतात, एवढंच. पण माणूस दोन्ही असतो. त्याला भावना होतात आणि तो दुसऱ्यात भावना जागवतोही. कंटाळलेले सर वेगळे, कंटाळवाणे सर वेगळे, आणि एकाच तासाला सर कंटाळवाणे आणि मुलं कंटाळलेली असंही होतं. तेव्हा समोर माणूस आहे की वस्तू हे विचारूच नकोस. लेला कोण आणि वणारा कोण, एवढंच विचार. उलट, ‘लेला’ कधीकधी वस्तूलाही लागतो आणि तिथेही मराठी तुला बरोबर नेते. घाबरलेले डोळे, थकलेला आवाज, काळजीत पडलेला चेहरा. इंग्रजीतही ‘फ्रायटन्ड आइज’, ‘टायर्ड व्हॉइस’, ‘वरीड फेस’. डोळे आणि आवाज माणसाचेच, त्यांच्यात भावना उतरलेली असते. तीस जोड्यांच्या यादीत हे कुठेच नसतं, पण पेशंटचं वर्णन करताना तुला रोज लागेल.

मराठीने हा भेद किती बारकाईने जपलाय बघ. लाजरी मुलगी आणि लाजिरवाणी गोष्ट. भित्रा ससा आणि भयंकर वाघ. हसरा चेहरा आणि हास्यास्पद बोलणं. समाधानी माणूस आणि समाधानकारक उत्तर. प्रत्येक जोडीतला पहिला शब्द ज्याच्या आत काही घडतं त्याचा, दुसरा ज्याच्यामुळे घडतं त्याचा. ‘कारक’, ‘जनक’, ‘दायक’ ही शेपटं दिसली, म्हणजे समाधानकारक, निराशाजनक, क्लेशदायक, की डोळे मिटून इंग लाव. ‘वाणा’वर मात्र भरवसा ठेवू नकोस. कंटाळवाणं भाषण कंटाळा आणतं, पण दीनवाणा चेहरा हा ज्याच्यावर वेळ आली त्याचाच असतो.

आता तुझ्या वॉर्डात येऊ, कारण हे सगळं तू तिथे रोज बिनचूक करतेस आणि तुला त्याचा पत्ता नाही. शस्त्रक्रियेनंतर गुंगीत असलेल्या पेशंटला तू काय लिहितेस? ‘सेडेटेड’. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येत नाही, फेक्सोफेनाडिनसारख्या, त्यांना काय म्हणतात? ‘नॉन-सेडेटिंग’. पेशंट सेडेटेड, गोळी सेडेटिंग. ज्याला गुंगी आली त्याला एड, जी आणते तिला इंग. ‘पेशंट इज सेडेटिंग’ असं तू चार वर्षांत एकदाही लिहिलं नसशील. तसंच जखम ‘इन्फेक्टेड’, पेशंट ‘डिहायड्रेटेड’, आणि जिवावर बेतणारी अवस्था ‘लाइफ-थ्रेटनिंग’. तिथे तुझा हात अडखळत नाही, कारण तिथे तू इंग्रजीचा नियम आठवत नाहीस. पेशंटला काय झालंय आणि कशामुळे झालंय हे बघतेस. भावनांच्या बाबतीतही तसंच बघायचं. भीतीही आलेली असते आणि ती कुणीतरी किंवा कशानेतरी आणलेली असते.

आणि जीसीएसचा, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलचा, तक्ता घे. १९७४ साली ग्लासगोच्या दोन मेंदूशल्यविशारदांनी शुद्ध मोजायची ही पद्धत मांडली, आज तुझ्या आयसीयूत ती दर तासाला भरली जाते. बोलण्याच्या प्रतिसादात पाच गुण ‘ओरिएंटेड’ला, चार ‘कन्फ्यूझ्ड’ला. म्हणजे पेशंट बोलतोय, पण दिवस कोणता, आपण कुठे आहोत, याचं भान सुटलंय. इथे एडच्या जागी इंग पडलं तर रात्रीच्या डॉक्टरांना वेगळीच गोष्ट कळेल. ‘पेशंट इज कन्फ्यूझिंग’ म्हणजे या पेशंटचं काय चाललंय ते आम्हालाच उमगत नाही. ‘कन्फ्यूझ्ड’ वाचून डॉक्टर धावत येऊन डोळ्यांच्या बाहुल्या तपासतील, ‘कन्फ्यूझिंग’ वाचून फाइल मागवतील. म्हणून मला ही चूक व्याकरणाच्या गुणांपुरती वाटत नाही, आणि तू पत्र लिहून विचारलंस याचं मला फार बरं वाटलं.

‘मी कन्फ्यूज झाले’, ‘त्यांनी मला कन्फ्यूज केलं’ असं आपण दिवसभर बोलतो. यातही मराठीने आपलं काम केलेलंच आहे. इंग्रजी शब्द नुसता उचलला, आणि कोण कुठल्या बाजूला ते ‘होणे’ आणि ‘करणे’ यांवर सोपवलं. झाले तिथे एड, केलं तिथे इंग. बोअर झाले, म्हणजे बोअर्ड. बोअर करतो, म्हणजे बोअरिंग. इंप्रेस झाले, फ्रस्ट्रेट झाले, एक्साइट झाले, सगळ्यांना एड. धोका इतकाच, की इंग्रजी बोलतानाही तो शब्द तसाच उघडा पडतो आणि ‘आय अ‍ॅम कन्फ्यूज’, ‘आय अ‍ॅम व्हेरी एक्साइट’ बाहेर येतं. मराठीत ‘झाले’ मागे उभं असतं, इंग्रजीत ते नसतं. त्याच्या वाटणीचं काम एडला करावं लागतं.

एड गळतो त्याला कानही कारण आहे. ‘एक्सायटेड’, ‘डिसअपॉइंटेड’, ‘एक्झॉस्टेड’ अशा शब्दांत मूळ शब्द ट किंवा ड वर संपतो, तिथे एड स्पष्ट ऐकू येतो. ‘शॉक्ट’, ‘एम्बॅरस्ट’, ‘डिस्ट्रेस्ट’मध्ये त्याचा नुसता ट होतो, आणि ‘टायर्ड’, ‘कन्फ्यूझ्ड’, ‘फ्रायटन्ड’मध्ये पुसटसा ड. शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं एकमेकांना चिकटली की आपली जीभ दुसरं गिळते. उपाय सोपा आहे: पुढच्या शब्दाला तो ड बांधून टाक. ‘कन्फ्यूझ-डबाउट’, ‘वरी-डबाउट’, ‘इंटरेस्टे-डिन’. असं चार दिवस मोठ्याने म्हटलंस की जिभेला सवय होते, आणि जे तोंडात आहे ते लिहिताना सुटत नाही.

‘मला’चा आधार घ्यावा असंही कुणी तुला सांगेल. मला भीती वाटते, आईला काळजी वाटते, पेशंटला आश्चर्य वाटलं: ज्याला ‘ला’ लागला त्याला एड, आणि ‘मुळे’ लागलं त्याला इंग. रिपोर्टमुळे आईला काळजी वाटली, तेव्हा आई ‘वरीड’ आणि रिपोर्ट ‘वरीइंग’. ही खूण चांगली आहे, मीही वर्गात वापरते, पण एका ठिकाणी ती दगा देते. ‘तो इंजेक्शनला घाबरतो’, ‘मी नाइटला कंटाळले.’ इथे ‘ला’ कारणालाच लागलाय! घाबरणे, भिणे, कंटाळणे, वैतागणे या क्रियापदांबरोबर असं होतं. अशा वेळी वाक्य फिरवून ‘त्याला इंजेक्शनची भीती वाटते’ असं करून घे, किंवा सरळ लेला-वणाराकडे परत ये. घाबरलेला तो, घाबरवणारं इंजेक्शन. ही कसोटी मला अजून फसलेली आठवत नाही.

‘इंटरेस्ट’ला मात्र मराठीत धड क्रियापद नाही, म्हणून तिथे सगळे घसरतात, आणि नेमका तोच शब्द तुला नोकरीच्या अर्जात लागणार आहे. वर्तमानपत्रातली जाहिरात आठव: ‘इच्छुक उमेदवारांनी अर्ज करावेत.’ इच्छुक म्हणजे ‘इंटरेस्टेड’. ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ असं लिहिलेले अर्ज मी आजवर किती दुरुस्त केले त्याला गणती नाही. त्याचा अर्थ साधारण ‘मी मोठी रंजक व्यक्ती आहे’ असा होतो. ‘इन’ सुद्धा मराठीतूनच लक्षात ठेव. मला रुग्णसेवेत रस आहे, यातला ‘त’ म्हणजेच ‘इन’.

काही शब्दांना इंग चालत नाही, ते तेवढे पाठ कर. मी ‘स्केअर्ड’ आहे, पण गोष्ट ‘स्केअरी’. मी ‘स्ट्रेस्ट’, ड्यूटी ‘स्ट्रेसफुल’. मी ‘इम्प्रेस्ट’, काम ‘इम्प्रेसिव्ह’. मी ‘डिलाइटेड’, बातमी ‘डिलाइटफुल’. आणि ‘वरी’ हे क्रियापद दोन्हीकडून चालतं, काळजीत टाकणे आणि काळजी करणे. त्यामुळे ‘शी इज वरीइंग अबाउट हर सन’ असं कुठे वाचलंस तर दचकू नकोस, ते बरोबरच आहे. तिथे ती काळजी करते आहे. बाकी बहुतेक शब्दांना ही मुभा नाही.

ओईटीचं म्हणशील, तर लेखनाच्या पत्रापेक्षा मला तुझ्या बोलण्याच्या परीक्षेची जास्त आशा वाटते. दोन रोल-प्ले, प्रत्येकी पाच मिनिटांचे, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक झालेला. तिथे तुझं इंग्रजी किती सफाईदार आहे याबरोबरच तू त्या माणसाच्या मनापर्यंत पोचतेस का, हेही बघतात. समज, आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मुलगी तुझ्याशी बोलते आहे. ‘आय कॅन सी यू आर वरीड. धिस मस्ट बी व्हेरी फ्रायटनिंग फॉर यू.’ ही दोन वाक्यं एकापाठोपाठ म्हणून बघ. पहिल्यात तू तिला सांगतेस, तू काळजीत पडलेली आहेस हे मला दिसतंय. दुसऱ्यात सांगतेस, प्रसंगच घाबरवणारा आहे, तुझा यात दोष नाही. एड तिच्याकडे गेला, इंग प्रसंगाकडे. बाकावरच्या सुनेला तू मराठीत काय म्हणतेस? ‘ताई, घाबरून गेलात ना? वेळच तशी आहे हो.’ तेच हे. हे बोलणं तुझ्या तोंडी चार वर्षं आहे, ते कुठल्याही क्लासला शिकवता येत नाही. तुला फक्त शेवटचा ड उच्चारायचा आहे.

सरावासाठी मोठी वही घालू नकोस. प्रत्येक ड्यूटीनंतर त्या दिवसातला एक प्रसंग घे आणि त्यावर दोनच वाक्यं लिही, एक लेलाचं, एक वणाराचं. आधी मराठीत, खाली इंग्रजीत. ‘रात्र दमवणारी होती. मी दमलेली आहे.’ ‘द नाइट वॉज टायरिंग. आय अ‍ॅम टायर्ड.’ वाक्य साधं असू दे, पण प्रसंग खरा असू दे. पुस्तकातल्या बोअरिंग सिनेमाने तुझ्या हाताला वळण लागणार नाही, तुझ्या वॉर्डातल्या माणसांनी लागेल.

आणि तो कोरा रकाना. तुझ्या पत्रात माझा जीव सगळ्यात जास्त त्यात अडकलाय. सकाळच्या सिस्टरला त्या कोऱ्या जागेवरून एवढंच कळतं, की नातेवाइकांचं काही विशेष नाही. आणि बाहेर ती सून रात्रभर जागी बसलेली असते, तिच्याशी कुणी बोललेलं नसतं. आजच्या नाइटला तो भर. आधी मनात मराठीत म्हण, मग लिही: ‘रिलेटिव्ह्ज आर व्हेरी फ्रायटन्ड. दे वॉन्ट टू स्पीक टू द डॉक्टर.’ चुकलंच तर नोंदीत जसं करतेस तसंच कर: व्हाइटनर नाही, गिरगोटा नाही, खालचा शब्द वाचता येईल अशी एक आडवी रेघ, शेजारी बरोबर शब्द, तारीख, वेळ आणि सही.

तुझी,
बाई